आळंदची यादी, टपालाचं पाकीट

२०१८च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीत कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद मतदारसंघात भाजपचे सुभाष गुत्तेदार आणि काँग्रेसचे बी. आर. पाटील यांच्यात अटीतटीची लढत झाली. गुत्तेदार ६९७ मतांनी निवडून आले. पुढची निवडणूक २०२३च्या मे महिन्यात व्हायची होती. तिला जेमतेम पाच महिने उरले असताना, डिसेंबर २०२२च्या सुमारास, याच मतदारसंघातली नावं यादीतून वगळावीत म्हणून ६,०१८ अर्ज ऑनलाइन दाखल झाले. अधिकाऱ्यांनी पडताळणी केली तेव्हा त्यातले फक्त २४ खरे निघाले. ५,९९४ अर्ज चुकीचे ठरले आणि ती नावं यादीत कायम राहिली.

गेल्या खेपेची आघाडी ६९७ची आणि खोटे अर्ज तिच्या साडेआठ पट, एवढं लक्षात घेतलं की या प्रकरणाचं गांभीर्य वेगळं सांगावं लागत नाही. २०२३मध्ये पाटील १०,३४८ मतांनी जिंकले. त्यामुळे कुणाला वाटेल की ६,०१८ अर्जांनी तसंही काही बिघडलं नसतं. मला ते पटत नाही. ज्याचं नाव जातं त्याचा हक्क जातो; उमेदवार कितीने जिंकला याच्याशी त्या माणसाला काय करायचं?

आळंद म्हणजे महाराष्ट्राच्या अंगणातला तालुका. एका बाजूला उमरगा, दुसऱ्या बाजूला अक्कलकोट. बाजार, लग्नं, लाडले मशायख यांच्या दर्ग्याचा उरूस, सगळं सीमेच्या दोन्ही अंगांनी चालतं. शेजारच्या बीदर जिल्ह्यात बसवकल्याण, भालकी, औराद इथे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. निजामाच्या राज्यात बीदर जिल्हा एकच होता. १ नोव्हेंबर १९५६ला त्याचे तुकडे झाले: उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे आले, बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात गेले. नाती मात्र तुटली नाहीत. उमरग्याची लेक आळंदला सून होऊन जाते, भालकीचा पोरगा उदगीरला दुकान टाकतो. मतदार यादीच्या दृष्टीने हा मुलूख म्हणूनच नाजूक. इथे नाव वगळण्याची खरी कारणंही रोज घडतात: मृत्यू, लग्न, स्थलांतर, दोन राज्यांत दोनदा झालेली नोंद. आणि अशा खऱ्या कारणांच्या गर्दीत खोटं कारण लपवणं सोपं जातं.

नाव वगळण्याचा अर्ज म्हणजे नमुना ७. एखादा मतदार मरण पावला, गाव सोडून गेला किंवा त्याची नोंद दुबार आहे असं त्याच मतदारसंघातला दुसरा मतदार या नमुन्यात कळवू शकतो. आळंदमध्ये हे अर्ज निवडणूक आयोगाच्या पोर्टलवरून आणि मोबाइल अ‍ॅपांवरून आले. प्रत्येकावर अर्जदार म्हणून खऱ्या मतदाराचं नाव होतं, खरा ओळखपत्र क्रमांक होता. फक्त त्या मतदाराला आपण असा अर्ज केल्याचा पत्ताच नव्हता. १८ सप्टेंबर २०२५च्या पत्रकार परिषदेत राहुल गांधी यांनी आळंदच्या मतदारांना समोर आणून हेच दाखवलं. आपल्या नावावर आपल्याच शेजाऱ्यांचे मतदानहक्क काढून घेण्याचे अर्ज गेले, हे ऐकताना त्या लोकांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. खेडेगावात अशा एका कागदावरून दोन घरांचं बोलणं कायमचं बंद होऊ शकतं.

हे उघडकीला आलं ते कुठल्या यंत्रणेच्या धोक्याच्या घंटेने नव्हे. एका बीएलओला, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला, आपल्याच नात्यातल्या माणसाचं नाव काढण्याचा अर्ज दिसला. तो माणूस तर गावातच होता. अर्जदार म्हणून शेजाऱ्याचं नाव होतं. शेजाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, मी असलं काही केलेलं नाही. तिथून धागा ओढला गेला. पाटलांनी तक्रार केली, आणि २१ फेब्रुवारी २०२३ला मतदार नोंदणी अधिकाऱ्याने स्वतःच आळंद पोलिसांत गुन्हा नोंदवला.

बीएलओ बहुतेक ठिकाणी अंगणवाडी सेविका किंवा शाळामास्तर असतात. रोजचं काम सांभाळून हे जास्तीचं. या कामाचं मानधन २०१५पासून वर्षाला ६,००० रुपये होतं. ऑगस्ट २०२५मध्ये आयोगाने ते १२,००० केलं. महिन्याला हजार रुपये. मतदान यंत्रांच्या गोदामाला सशस्त्र पहारा असतो, तो असायलाच हवा. पण आळंदमधले ५,९९४ मतदार वाचले ते या तुटपुंज्या मानधनावरच्या माणसांनी घरोघर जाऊन चौकशी केली म्हणून. निवडणूक सुरक्षेवर इतकी भाषणं होतात. त्यांत अंगणवाडी सेविकेचं नाव कधी येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तपासाची गती मात्र दुःखद आहे. आयोग म्हणतो की सप्टेंबर २०२३मध्ये आम्ही अर्जदारांचे तपशील, लॉगिनचे मोबाइल क्रमांक, आयपी पत्ते कलबुर्गीच्या पोलीस अधीक्षकांना दिले. कर्नाटक सीआयडीचं म्हणणं असं की अर्ज नेमक्या कुठल्या यंत्रावरून गेले हे शोधायला एवढं पुरत नाही, आणि आणखी तांत्रिक माहिती वारंवार मागूनही मिळाली नाही. दोन वर्षं अशी गेली. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं. अर्जांमागे कोण होतं हे न्यायालयात सिद्ध व्हायचं आहे, तोवर कुणाला दोषी ठरवणं योग्य नाही.

आता टपाली मतदानाकडे येऊ. दुरून, बूथवर न येता होणारा निवडणुकीतला दुसरा मोठा व्यवहार हाच. आणि कायद्याने त्याला केवढं जपलं आहे ते पाहण्यासारखं आहे.

निवडणूक संचालन नियम, १९६१ हे केंद्राचे नियम. टपाली मताचा हक्क सगळ्यांना नाही. लष्करातले मतदार, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी, प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेले, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर वृद्ध व दिव्यांग. वृद्धांसाठी आधी ८० वर्षांची अट होती, मार्च २०२४मध्ये ती ८५ झाली. कर्नाटकात घरबसल्या मतदान पहिल्यांदा २०२३च्या विधानसभेला झालं. देशभर ते २०२४च्या लोकसभेला आलं. बीदर आणि कलबुर्गीत तेव्हा ७ मे रोजी मतदान होतं.

त्याची पद्धत अशी. निवडणुकीची अधिसूचना निघाली की पाच दिवसांत नमुना १२-ड भरून द्यायचा. तो मंजूर झाला की यादीत नावापुढे खूण होते आणि त्या मतदाराला बूथवर मत देता येत नाही. ठरल्या दिवशी दारात पथक येतं: दोन मतदान अधिकारी, पोलीस, व्हिडिओ काढणारा, उमेदवारांना हवं तर त्यांचे प्रतिनिधी. आजीबाई घरी नसल्या तर पथक पुन्हा एकदा येतं, तिसऱ्यांदा येत नाही. आजीबाई आडोशाला मतपत्रिकेवर खूण करतात. ती लहान पाकिटात घालून बंद करतात. त्यानंतर घोषणापत्र, नमुना १३-अ: त्यावर सही किंवा अंगठा आणि अधिकाऱ्याचं साक्षांकन. लहान पाकीट आणि घोषणापत्र दोन्ही मोठ्या पाकिटात. मोजणीच्या दिवशी मोठं पाकीट उघडतं, आधी घोषणापत्र तपासतात, ते बरोबर असेल तरच लहान पाकिटाला हात लागतो. मत कुणाला गेलं हे कळू नये आणि मत कुणी दिलं हे मात्र पक्कं कळावं, या दोन परस्परविरोधी गरजा दोन पाकिटांनी भागवल्या आहेत. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते.

लष्करातल्यांसाठी २०१६पासून मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने जाते. बीदरच्या हवाई दलाच्या तळावर नेमणूक असलेला सातारचा जवान ती तिथे छापून घेतो, खूण करतो आणि टपालाने परत पाठवतो. पाकिटांवरचे क्यूआर कोड मोजणीच्या टेबलावर वाचले जातात, म्हणजे एकाच मतदाराची दोन पाकिटं आली तर पकडली जातात. निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्यांना पूर्वी मतपत्रिका घरी नेता यायची. ती मोजणीच्या सकाळपर्यंत खिशात राहू शकत होती, आणि तेवढे दिवस तिच्यावर दबाव किंवा सौदा होण्याची भीती होती. ऑगस्ट २०२३मध्ये नियम बदलला. आता त्यांनी सुविधा केंद्रातच मत द्यायचं.

ही काळजी वायफळ नाही. २०२४ला मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघात ईव्हीएमच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते: ४,५१,०९५ विरुद्ध रवींद्र वायकरांची ४,५१,०९४. टपाली मतं वायकरांना १,५५०, कीर्तिकरांना १,५०१. वायकर ४८ मतांनी खासदार झाले. नऊ लाखांवर मतं यंत्रांनी मोजली आणि निकाल पाकिटांनी लावला. कर्नाटकातच बंगळुरूच्या जयनगरमध्ये २०२३ला टपाली मतांच्या फेरमोजणीनंतर १६ मतांनी निकाल लागला. बिहारमधल्या हिलसाला २०२०मध्ये फरक १२ मतांचा होता आणि बाद टपाली मतं १८२. सही राहिली, साक्षांकन राहिलं, घोषणापत्र चुकीच्या पाकिटात गेलं, की मत बाद. ज्याचं बाद झालं त्याला ते कधी कळतही नाही. अमेरिकेत अनेक राज्यांमध्ये सहीत खोट निघाली तर मतदाराला कळवतात आणि दुरुस्तीची संधी देतात. परदेशी असलेल्या सैनिकांना मतपत्रिका मतदानाच्या किमान ४५ दिवस आधी पाठवलीच पाहिजे, असा त्यांचा २००९चा केंद्रीय कायदा आहे. तिथे निवडणुका राज्यांच्या हातात, म्हणून केंद्राने काही सांगितलं की वाद पेटतो. आपल्याकडे घटनेच्या कलम ३२७ने संसदेला विधानसभेच्याही निवडणुकीसाठी कायदा करण्याचा अधिकार दिला आहे आणि कलम ३२४ने अंमल एका आयोगाकडे दिला आहे. म्हणजे दिल्लीत एक नियम सुधारला की तो आळंदलाही लागू आणि उमरग्यालाही. हा केवढा मोठा फायदा आहे, आणि आपण तो पुरता वापरत नाही.

टपालाने एक मत द्यायचं तर सही हवी, साक्षीदार हवा, दोन पाकिटं हवीत, दारात चित्रीकरण हवं. आणि एखाद्याचं मत कायमचं काढून टाकण्याची मागणी करायची तर २०२२मध्ये एक मोबाइल क्रमांक आणि त्यावर आलेला ओटीपी पुरत होता. मत देणाऱ्याची एवढी ओळखपरेड, आणि मत हिरावू पाहणाऱ्याची जवळजवळ नाहीच. माझा सगळा आक्षेप या उलट्या तराजूवर आहे.

आयोगाची बाजू मला ठाऊक आहे. अर्ज आला म्हणून नाव जात नाही. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २२ सांगतं की नाव काढण्याआधी त्या माणसाला म्हणणं मांडायची वाजवी संधी दिली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानेही १९९५च्या लाल बाबू हुसेन प्रकरणात हेच ठणकावलं होतं. आळंदमध्ये नावं वाचली हेही खरं. पण वाजवी संधी म्हणजे काय? नोटीस घरी पोचली याची पोच कोणाची? तांड्यावरचं कुटुंब पुण्याला बांधकामावर किंवा साखर कारखान्याच्या उसाच्या फडात असेल, तर कुलूपबंद दारावर चिकटवलेली नोटीस त्याला कशी कळणार? असा माणूस ‘स्थलांतरित’ ठरवायला सगळ्यात सोपा. आणि त्याला टपाली मताचाही हक्क नाही. त्याच्यासाठी आयोगाने दूरस्थ मतदान यंत्र तयार केलं होतं, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ. जानेवारी २०२३मध्ये राजकीय पक्षांना दाखवायला बोलावलं, पक्षांनी शंका काढल्या, गाडी तिथेच अडली.

सीमेवर दुबार मतदानाची भीती घालणारे आहेत, आणि ती अगदीच निराधार नाही. २०१९ला लातूर, उस्मानाबाद, सोलापूरला १८ एप्रिलला मतदान झालं आणि बीदर, कलबुर्गीला २३ एप्रिलला. मधल्या पाच दिवसांत दुसऱ्यांदा मत द्यायला कोणी निघालंच, तर त्याला अडवायला बोटावरची म्हैसूरची शाई तेवढी होती. २०२४ला पाचही ठिकाणी ७ मे हा एकच दिवस आला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात तर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोन्ही राज्यांच्या याद्यांत नावं असलेली गावंच आहेत. दुबार नोंद काढायलाच हवी. पण ती काढायची तर दोन्ही जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी याद्या समोरासमोर ठेवून आणि मतदाराला विचारून काढावी, कुणा अज्ञाताच्या अर्जावरून नव्हे.

सप्टेंबर २०२५मध्ये, आळंदचा गाजावाजा झाल्यावर, आयोगाने पोर्टलवर ई-स्वाक्षरी आणली: अर्जदाराची ओळख आता आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून पटवावी लागते. चांगली सुधारणा, पण ती अ‍ॅपमधली सोय आहे. उद्या अ‍ॅप बदललं की तीही बदलेल. ती १९६०च्या मतदार नोंदणी नियमांत यायला हवी. त्याबरोबर आणखी तीन गोष्टी याव्यात. ज्याचं नाव काढायचं त्याच्या मोबाइलवर आणि हातात, त्याला वाचता येईल त्या भाषेत नोटीस, सहीच्या पोचेसह. आळंद-भालकीकडे याचा अर्थ कन्नडबरोबर मराठी आणि उर्दूही. एकाच ठिकाणाहून ढिगाने अर्ज आले तर ते आपोआप थांबवून जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवायचे. आणि गुन्हा नोंदला की तांत्रिक नोंदी पोलिसांना किती दिवसांत द्यायच्या याची मुदत. खोट्या घोषणेला १९५०च्या कायद्याच्या कलम ३१मध्ये एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, पण मुदतीअभावी पुरावाच हाती येत नसेल तर ती शिक्षा कुणाला होणार?

कर्नाटकची पुढची विधानसभा निवडणूक २०२८मध्ये आहे. नवमतदारांच्या नोंदणीसाठी आता वर्षात चार अर्हता तारखा असतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, आणि यादीतली भर आणि वगळणं वर्षभर चालू राहतं. आळंदच्या बीएलओंकडे नमुना ७चे अर्ज तोवर येतच राहणार आहेत.