संचालक व्हा, पण मोबाइल नंबर स्वतःचाच द्या

आपल्यापैकी बरेच जण आता शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद आहेत, काही जण संचालकही आहेत. केंद्र सरकारने २०२० साली दहा हजार उत्पादक संघटना उभ्या करण्याची योजना आणली, तेव्हापासून तर गावोगाव कंपन्यांची नोंदणी झाली. अशा कंपनीला कायद्याने निदान पाच संचालक लागतात. मग पाच डोकी भरायची म्हणून सांगितलं जातं, "आबा, तुमचं आधार, पॅन आणि दोन फोटो द्या." आबा देतात. पुढं कागदावर काय झालं, ते आबांना ठाऊक नसतं.

होतं असं, की प्रत्येक संचालकाला सरकार एक ओळख क्रमांक देते. त्याला डीआयएन म्हणतात. तो खऱ्या माणसाचाच आहे ना, हे तपासण्यासाठी २०१८ पासून केवायसी सक्तीची झाली. मोबाइलवर आणि ईमेलवर ओटीपी येतो, तो भरला की ओळख पटली. आधी हे काम दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत करावे लागे. २०२५ च्या अखेरीस नियम बदलला. ३१ मार्च २०२६ पासून ही केवायसी तीन वर्षांतून एकदा, ३० जूनपर्यंत करायची आहे. मात्र मधल्या काळात मोबाइल, ईमेल किंवा पत्ता बदलला तर तीस दिवसांत कळवावे लागते. मुदत चुकली की डीआयएन बंद पडतो आणि तो पुन्हा चालू करायला माणशी पाच हजार रुपये मोजावे लागतात.

दरवर्षीची कटकट गेली हे चांगलेच झाले. पण तीन वर्षांत माणूस विसरतो, सिमकार्ड बदलतो, हेही खरे.

खरी गोम निराळीच आहे. फॉर्म भरायचे काम बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणचा सल्लागार करतो. ओटीपीसाठी दर वेळी फोन नको म्हणून तो स्वतःचाच मोबाइल नंबर आणि स्वतः उघडलेला ईमेल लावून टाकतो. त्यात दर वेळी लबाडी असते असे नाही, सोय असते. पण उद्या सल्लागार बदलला किंवा फीवरून वाजलं, तर ओटीपी कुणाकडे जाणार? महिला गटांच्या कंपन्यांत तर नंबर सर्रास नवऱ्याचा असतो. बाई संचालक, ओटीपी मालकांना!

डीआयएन बंद असला की त्या संचालकाची सही फॉर्मवर चालत नाही. ताळेबंद आणि वार्षिक विवरण अडकतं, आणि उशिराचे प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला शंभर रुपये चढत जातात. सलग तीन वर्षे विवरण गेलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. २०१७ साली देशभरात सुमारे तीन लाख संचालक असे अपात्र ठरले होते.

डिजिटल सहीचंही तेच. पेनड्राइव्हसारखा तो टोकन कुठं आहे म्हणून विचारलं, की बैठकीत उत्तर येतं, "साहेबांकडं." अहो, ती तुमच्या हातच्या सहीइतकीच कायदेशीर आहे. कोऱ्या चेकवर सही करून ठेवाल का कुणाकडे? खोटी माहिती गेली तर फॉर्म प्रमाणित करणारा सीए किंवा सीएस अडचणीत येतोच, पण सही तुमची असल्याने तुम्हीही सुटत नाही.

तेव्हा पुढच्या संचालक बैठकीत एवढं करा. प्रत्येकाच्या डीआयएनला कोणता मोबाइल आणि कोणता ईमेल जोडला आहे, हे सल्लागाराकडून लेखी घ्या. परका असेल तर बदलून मागा. आधारवर आडनाव आधी आणि पॅनवर शेवटी, असा घोळ असेल तर तो आधी निस्तरा, नाहीतर काम तिथंच अडतं. टोकन परत घ्या, त्याची मुदत इतिवृत्तात लिहा आणि पासवर्ड बदला.