बंद मोटार जागी करताना

सौंसरजवळच्या संत्र्याच्या बगीच्यात १२ वर्षे उभी असलेली ‘सॅन स्टॉर्म’ मी विकत घेतली. सॅन मोटर्सने १९९८ साली आणलेली ही दोन सीटची स्पोर्ट्स कार. बॉडी फायबरग्लासची, म्हणून वरून गंज दिसेना. “धक्का मार, सुरू होईल!” मित्र म्हणाले. मी थांबलो.

टाकीतले चिकट झालेले पेट्रोल काढले. प्लगच्या छिद्रांतून तेलाचे थेंब सोडले. दुसऱ्या दिवशी इंजिन हाताने फिरवले. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते; त्यामुळे आतले पिस्टन गंजून अडकले होते. तेही बदलले. मगच किल्ली फिरवली.

पांढुर्ण्यापर्यंत गेलो आणि वेळेवर थांबलोही! विद्यार्थी मित्रहो, बंद गाडी चालवण्यापूर्वी ती थांबेल की नाही, हे आधी पाहावे.