निष्ठावंत वाचक आणि भयकथेचा प्रवास : नारायण धारपांच्या निमित्ताने

वाङ्मयाचा इतिहास प्रायः लेखकांचा आणि ग्रंथांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्यात वाचक येतो तो समूहवाचक नाम म्हणून. एकाच लेखकाला बालपणापासून उतारवयापर्यंत वाचत राहणारा, त्याच्या पुस्तकांकडे पुनःपुन्हा परतणारा जो एक वाचक असतो, त्याची दखल आपण क्वचितच घेतो. हा लेखक भयकादंबरीकार असेल तर त्या वाचकाची निष्ठा ‘सवय’ किंवा ‘अपरिपक्व अभिरुची’ या शब्दांत निकालात काढली जाते. प्रस्तुत लेखात या निष्ठेचे स्वरूप समजून घेण्याचा प्रयत्न आहे. उदाहरण नारायण धारप (१९२५–२००८) यांचे आहे आणि वाचक म्हणून पुरावा मुख्यतः माझा स्वतःचा आहे. ही मर्यादा आरंभीच मान्य केलेली बरी.

धारपांनी भयकथा, गूढकथा आणि विज्ञानकथा विपुल प्रमाणात लिहिल्या. त्यांची पुस्तके माझ्या पिढीपर्यंत पोहोचली ती प्रामुख्याने गल्लोगल्लीच्या फिरत्या वाचनालयांतून. जाड पुठ्ठ्यात पुन्हा बांधलेली, कोपरे झिजलेली, पहिली काही पाने गळालेली प्रत हाती येई आणि दोन दिवसांत परत करावी लागे. वाचकाला पुस्तक विकत मिळत नव्हते, मिळत होती ती पाळी. निष्ठावंत वाचकाची घडण या पाळीतून झाली. आपल्या आधी आणि आपल्यानंतर कुणीतरी हीच पाने रात्री जागून वाचणार आहे, ही जाणीव त्या एकांतातल्या भीतीलाही सामुदायिक करीत असे.

येथे पहिला सैद्धांतिक प्रश्न उभा राहतो. त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७०च्या आपल्या ग्रंथात ‘फँटॅस्टिक’ साहित्याचा गाभा वाचकाच्या संभ्रमात पाहिला : घडले ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, या निर्णयापूर्वीचा क्षण म्हणजे हा साहित्यप्रकार. परंतु धारपांच्या ‘समर्थ’ या मानसपुत्राच्या कथा विसाव्यांदा वाचणाऱ्याला असा संभ्रम कोठून असणार? अमंगळ शक्ती खरी आहे, हे त्याला पहिल्या पानापासून ठाऊक असते. समर्थ येतील हेही ठाऊक असते. तरीही तो वाचतो आणि तरीही त्याला भय वाटते.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याच परंपरेतील एक विचार अधिक उपयोगी पडतो. अभिनवगुप्तांनी भयानक रसाचे विवेचन करताना ‘शाकुंतला’तील बाणाच्या भयाने पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. त्या हरिणाचे भय प्रेक्षकापर्यंत येते ते स्थळ, काळ आणि व्यक्ती यांच्या बंधनांतून सुटून. ‘हे संकट माझे की दुसऱ्याचे’ हा प्रश्नच तेथे विरघळतो. पुढे काय होईल या उत्कंठेवर हे भय अवलंबून नाही, म्हणूनच ते पुनर्वाचनात टिकते. शिवाय काव्याच्या सातत्यपूर्ण परिशीलनाने ज्याचे मन आरशासारखे निर्मळ झाले आहे तो सहृदय, असेही अभिनवगुप्त सांगतात. अभिजात काव्यासाठी घडविलेली ही संकल्पना लोकप्रिय भयकथेला लावणे काहींना धाडसाचे वाटेल. पण ‘सातत्यपूर्ण परिशीलन’ हीच अट असेल, तर वाचनालयाच्या दारात उभा असलेला तो निष्ठावंत वाचक ती अनेकांहून चोख पाळत होता.

तथापि अशा निष्ठेची खरी कसोटी पुनर्वाचनात लागत नाही, ती मूळ स्रोताशी गाठ पडते तेव्हा लागते. पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात माझ्या हाती स्टीफन किंग यांची ‘सेलम्स लॉट’ (१९७५) ही कादंबरी आली. काही प्रकरणे वाचताच ध्यानात आले की हे गाव मी पूर्वी पाहिले आहे, धारपांच्या ‘लुचाई’त. पुढे ‘इट’ (१९८६) वाचताना ‘शपथ’ आठवली. पहिली प्रतिक्रिया फसवले गेल्याची होती. मी वाचलेल्या प्रतींची आरंभीची पाने गळालेली होती, त्यामुळे ऋणनिर्देश होता की नाही हे मला कळण्याचा मार्ग नव्हता. पण खरे सांगायचे तर तो शोधण्याची गरजही मला तेव्हा वाटली नव्हती. काही वर्षे मी धारपांना हात लावला नाही. परतलो तेव्हा मात्र अभ्यासकाच्या नजरेने दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली आणि निष्ठा कशावर होती हे प्रथमच स्पष्ट झाले.

किंग यांच्या कादंबरीत फादर कॅलाहन यांचा क्रूस निष्प्रभ ठरतो, कारण तो धरणाऱ्याची श्रद्धा डळमळते. अमेरिकन छोट्या शहरातील धर्मसंस्थेची क्षीणता हा त्या भयाचा आधार आहे. मराठी वाचकाजवळ हा क्रूस नाही. त्याच्याजवळ मुंजा, हडळ, वेताळ, चकवा आहेत, पण रक्तपिपासू व्हँपायरची रूढ परंपरा नाही. त्यामुळे असे कथानक मराठीत आणणाऱ्या लेखकाला केवळ नावे बदलून भागत नाही. भीतीचा आणि संरक्षणाचा सारा व्यवहार नव्याने उभा करावा लागतो. धारपांच्या कथाविश्वात हा व्यवहार दीर्घकाळ घडत आलेला होता. ‘समर्थ’ हे नावच मराठी मनात रामदासांचे स्मरण जागवते. तेथे संस्थेपेक्षा साधना केलेली व्यक्ती आधार देते. नेमस्त मध्यमवर्गीय घर, संयत निवेदन आणि त्या घराच्या भिंतीपलीकडची अनाम शक्ती, हे सारे ज्याच्या अंगवळणी पडले होते, त्या वाचकाच्या अपेक्षांच्या क्षितिजात किंग यांचे कथानक उतरले. मी कथानकाशी नव्हे, त्या आवाजाशी एकनिष्ठ होतो. याचा अर्थ ऋणनिर्देशाचा नैतिक प्रश्न गौण ठरतो असे नव्हे. तो प्रश्न लेखक आणि प्रकाशन यांचा आहे. वाचकाच्या अनुभवाचे मोल त्याने पुसले जात नाही, इतकेच.

हा प्रवास एकतर्फीही राहिला नाही. धारपांची ‘आजी’ ही कथा किंग यांच्या ‘ग्रॅमा’शी नाते सांगते. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा होती आणि ती दिग्दर्शकापर्यंत प्रथम पोहोचली ती मित्राने सांगितलेल्या गोष्टीच्या रूपात. शीर्षकाने श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण जागवणारा हा चित्रपट व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेला आणि २०२४मध्ये पुन्हा चित्रगृहांत आला. इंग्रजी कथा, मराठी कथा, मौखिक कथन, हिंदी चित्रपट या साखळीत ‘मूळ’ कोणते, यापेक्षा प्रत्येक टप्प्यावर कुणा वाचकाने ती गोष्ट जपून पुढे दिली, हे अधिक महत्त्वाचे आहे.

किंग आपल्या प्रस्तावनांतून ‘कॉन्स्टंट रीडर’ला जिव्हाळ्याने संबोधतात आणि ‘मिझरी’ (१९८७)मध्ये त्याच निष्ठेचे विकृत रूपही दाखवतात : लेखकाला कोंडून हवी ती कथा लिहवून घेणारी वाचिका. निष्ठा आणि मालकी यांतील ही सीमारेषा निष्ठावंत वाचकाने विसरू नये. तौलनिक अभ्यासकानेही आपल्या बाजूची एक चूक टाळावी. प्रभावाचा माग काढताना आपण ग्रंथाकडून ग्रंथाकडे जातो आणि मधला वाचक वगळतो. १९८०च्या दशकातील मराठी वाचकापर्यंत अमेरिकन भय पोहोचले ते बहुधा इंग्रजीतून नव्हे, तर पाने गळालेल्या एका मराठी प्रतीतून. फिरती वाचनालये आता बरीचशी बंद झाली आहेत. त्यांच्या नोंदवह्या कुणी जतन केल्या असतील असे वाटत नाही. ज्यांनी त्या पाळ्या लावल्या ते वाचक आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या आठवणी नोंदवून ठेवण्याचे काम आपल्या विद्याशाखेने हाती घेतले नाही, तर या प्रवासाचा एक संपूर्ण टप्पा पुराव्यावाचून उरेल.