गुरगुरणाऱ्याला गप्प करू नका
(कुत्र्यांशी ओळख : भाग 7)

गेल्या आठवड्यात आपण शेपूट, कान आणि नजर कशी वाचायची ते पाहिलं. त्याचा खरा उपयोग होतो तो एकाच घरात दोन-तीन कुत्री असतात तेव्हा. अशा घरांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो : यांच्यातला म्होरक्या कोण?

या प्रश्नामागे लांडग्यांची एक जुनी गोष्ट आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947मध्ये लिहिलं, की कळपात वर्चस्वासाठी सतत चढाओढ चालते आणि एक जोडी सर्वांच्या वर असते. डेव्हिड मेक यांच्या 1970च्या पुस्तकामुळे ही ‘अल्फा’ कल्पना जगभर गेली. पुढे मेक यांनी कॅनडाच्या एल्समिअर बेटावर अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांच्या सहवासात काढले. तिथला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं, एवढंच त्यांना दिसलं. 1999मध्ये त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं आणि आपल्याच पुस्तकाची छपाई थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. अशा शास्त्रज्ञाबद्दल मला फार आदर वाटतो. कुत्र्यांच्या प्रशिक्षणात मात्र ती जुनी कल्पना अजून ठाण मांडून आहे.

म्हणजे घरच्या कुत्र्यांत मान-क्रम नसतोच का? असतो, पण तो शिडीसारखा सरळ नसतो. सोफ्यावरच्या जागेसाठी मोतीला कुणी हटकत नाही, आणि तोच मोती चेंडू मात्र राणीला मुकाट्याने सोडून देतो. कुणाला काय किती हवंय आणि मागच्या वेळी काय घडलं, यावर प्रत्येक जोडीचा हिशेब वेगळा ठरतो.

हा हिशेब टिकवतो तो मागे सरणारा. रोमजवळच्या मोकाट कुत्र्यांवरचा एक अभ्यास 2010मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्यांची क्रमवारी सर्वांत चांगली उलगडली ती नमतं घेण्याच्या खुणांवरून. वयाने मोठी कुत्री साधारणपणे लहानांच्या वर होती. तेव्हा तुमच्या घरात कोण भुंकतो यापेक्षा कोण मान वळवतो, ओठ चाटतो, वळसा घालून जातो, हे पाहा. या खुणा दिसतात आणि समोरचा त्या मानतो, तोवर घर ठीक चाललंय.

गुरगुरणं हीसुद्धा अशीच खूण आहे. ‘जवळ येऊ नकोस’ एवढंच त्यात असतं. त्यावर आपण ओरडलो, तर कुत्रा गुरगुरणं सोडतो, नाराजी सोडत नाही. मग एक दिवस कसलीही सूचना न देता थेट चावतो. कुत्र्याला उताणा पाडून दाबून धरण्याचा ‘उपाय’ तर त्याहून घातक. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या 2009च्या पाहणीत, हा प्रकार करून पाहिलेल्या मालकांपैकी 31 टक्क्यांनी कुत्रा उलट अंगावर आल्याचं सांगितलं.

आपलं काम म्होरक्या ठरवण्याचं नाही, भांडणाचं कारण काढून टाकण्याचं आहे. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत द्या आणि भांडी लगेच उचला. चघळायचं हाड सर्वांसमोर टाकू नका. पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा. दाराची बेल वाजली की अरुंद पॅसेजमध्ये सगळ्यांची गर्दी होते आणि तिथेच ठिणगी पडते, म्हणून दार उघडण्याआधी त्यांना आत बोलवा. थोरल्याचा मान राखायचा म्हणून धाकट्याला मुद्दाम दाबणंही मला पटत नाही. त्याने धाकट्याच्या मनात थोरल्याबद्दल तेढच बसते.

वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने राहिलेली कुत्री अचानक भांडू लागली, तर दोन शक्यता आधी तपासा. धाकटं पिल्लू एक-दोन वर्षांचं होऊन वयात आलंय का? की म्हाताऱ्याचे सांधे दुखताहेत, ऐकू कमी येतंय? दुखणारा कुत्रा पूर्वी खपवून घेतलेला धक्का आता खपवून घेत नाही. ते वागणं आपल्याला माज वाटतं.

जुंपलीच, तर मधे हात घालू नका. अंगावर चादर टाका किंवा पाणी ओता, आणि दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. एकाच घरातल्या दोन माद्यांची भांडणं बरीच चिवट असतात. तिथे ‘आपोआप मिटेल’ म्हणून वाट पाहू नका. रक्त निघालं असेल तर जखम किरकोळ दिसली तरी त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जा, आणि जखमेबरोबर दोघांचे सांधे, दात, कानही तपासून घ्या.