ग्रामीण डाकघरांचे आकुंचन आणि यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामजीवन

प्रस्तावना :
भारतीय डाक विभागाची स्थापना १८५४ मध्ये झाली. देशातील दीड लाखांहून अधिक डाकघरांपैकी सुमारे नव्वद टक्के डाकघरे ग्रामीण भागात आहेत. भ्रमणध्वनीमुळे पत्रव्यवहार घटला, म्हणून डाकघराची गरजही संपली, असा समज रूढ होत आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात हा समज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डाकघर बंद होण्याची प्रक्रिया :
मुख्य डाकघर, उपडाकघर व शाखा डाकघर अशी या यंत्रणेची उतरंड आहे. खेड्यातील शाखा डाकघर ग्रामीण डाक सेवक दिवसातील मोजके तास चालवितो. सर्वसाधारण ग्रामीण भागात नवे शाखा डाकघर उघडण्यासाठी ३,००० लोकसंख्या, जवळच्या डाकघरापासून ३ कि.मी. अंतर आणि खर्चाच्या किमान एक-तृतीयांश उत्पन्न हे निकष ठरले. आदिवासी व दुर्गम भागासाठी १५ टक्के उत्पन्न पुरेसे मानले गेले. म्हणजेच तोटा हा या व्यवस्थेत गृहीतच धरलेला आहे. डाकघर बंद होते ते नेहमी थेट आदेशाने नव्हे. विलीनीकरण, स्थलांतर किंवा दीर्घकाळ रिक्त राहिलेले पद यांचाही परिणाम तोच होतो.

यवतमाळमधील परिणाम :
केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या तालुक्यांत गोंड व कोलाम समाजाची वस्ती मोठी आहे. कोलामांचे पोड बहुधा मुख्य रस्त्यापासून दूर असतात. तेथील वृद्धेला अल्प रकमेसाठी तालुक्याला जावे लागले, तर प्रवासखर्चासोबत दिवसाची मजुरीही बुडते.

आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. राज्य शासनाच्या २००६ च्या निर्णयानुसार एक लाख रुपयांच्या मदतीपैकी ३०,००० रुपये तात्काळ, तर ७०,००० रुपये डाकघर अथवा बँकेच्या मासिक प्राप्ती योजनेत ठेवण्याची तरतूद झाली. ही योजना शाखा डाकघरांत २०२० मध्ये उपलब्ध झाली. तोपर्यंत अशा खात्यासाठी उपडाकघराचाच आधार होता. त्यामुळे एखादे उपडाकघर दूर जाणे म्हणजे विधवेचे मासिक उत्पन्न दूर जाणे होय.

पर्यायांच्या मर्यादा :
१ सप्टेंबर २०१८ रोजी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा प्रारंभ झाला आणि पोस्टमनद्वारे घरपोच बँकसेवा शक्य झाली. परंतु ही सेवा डाकघराला पर्याय नसून त्याच्याच जाळ्यावर उभी आहे. शिवाय शेतमजुराच्या झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राने नाकारला, तर ओळखीचा डाक सेवक त्याला पुढचा मार्ग सांगू शकतो. अनोळखी यंत्रणेकडून तशी अपेक्षा धरता येत नाही.

निष्कर्ष :
डाकघराचे मोल केवळ तिकीटविक्रीवरून ठरविणे अपुरे आहे. विलीनीकरणापूर्वी खातेदारांची संख्या, निवृत्तिवेतनधारक, पावसाळ्यातील रस्ते व एसटीच्या फेऱ्या यांची नोंद घ्यावी आणि ग्रामसभेचे मत विचारात घ्यावे. अन्यथा विभागाने वाचविलेला खर्च गावातील सर्वांत दुर्बल घटकाच्या माथी पडेल.