धातूला पडलेली जाळी

तव्यावर आंबोळी टाकली की क्षणभरात तिच्या अंगावर भोकं उमलू लागतात. बुडबुडे फुटतात, भोवतीचं पीठ घट्ट होतं आणि जाळी पडते. अशीच जाळी धातूलाही पाडता येते! तांब्याच्या क्षाराच्या आम्लयुक्त द्रावणात पत्रा बुडवून जोरदार वीज सोडली, की त्यावर तांबं चढू लागतं आणि त्याच वेळी हायड्रोजनचे बुडबुडे फसफसतात. बुडबुड्याच्या जागी तांबं बसू शकत नाही, ते कडेकडेने साचत जातं. पाहता पाहता पत्र्यावर तांब्याची आंबोळी तयार!

अशा सच्छिद्र धातूने साखर मोजता येते. धातूच्या पृष्ठभागावर ग्लुकोजच्या रेणूचं ऑक्सिडीकरण झालं की तो इलेक्ट्रॉन सोडतो. त्यातून वाहणारी वीज मोजली की साखर कळली. आणि मोजायची साखर तरी किती? निरोगी माणसाच्या उपाशीपोटी अख्ख्या रक्तात मिळून जेमतेम एक चमचा.

घरच्या ग्लुकोमीटरच्या पट्टीत हे काम एन्झाइमच्या मदतीने होतं. लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये ही वाट दाखवली. एन्झाइम ग्लुकोज नेमकं ओळखतं, पण ते पडलं प्रथिन. उष्णता आणि दमटपणा त्याला सोसत नाही. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावायचं ते त्यासाठीच. धातूचे असले नखरे नसतात. अडचण वेगळीच आहे: गुळगुळीत प्लॅटिनमवर ग्लुकोजची अभिक्रिया फार रेंगाळत होते, तर रक्तातलं क जीवनसत्त्व आणि युरिक आम्ल झटपट उरकतात. त्यांच्या गलक्यात साखरेचा आवाज ऐकूच येत नाही.

२००३ मध्ये सेजिन पार्क, तेक दोंग चुंग आणि ही चान किम या कोरियन संशोधकांनी काही नॅनोमीटर रुंदीच्या छिद्रांचं प्लॅटिनम वापरलं, आणि साखरेचा आवाज वर आला. कसा? पुण्याची तुळशीबाग डोळ्यांपुढे आणा. घाईतलं गिऱ्हाईक तोंडाशीच, पहिल्या दुकानात खरेदी उरकतं. आत आणखी शंभर दुकानं थाटली तरी त्याची खरेदी वाढायची नाही. चोखंदळ गिऱ्हाईक मात्र दुकानामागून दुकान पालथं घालत गल्लीत शिरतं. जितकी दुकानं जास्त, तितका त्याच्याकडून धंदा होण्याचा संभव जास्त.

क जीवनसत्त्व हे घाईतलं गिऱ्हाईक. ते छिद्राच्या तोंडाशीच संपतं. संथ ग्लुकोज खोलवर शिरतं, भिंतींना पुन्हापुन्हा भिडतं आणि कुठेतरी इलेक्ट्रॉन देऊन जातं. पृष्ठभाग वाढला की ग्लुकोजची वीज वाढते, घाईवाल्यांची फारशी वाढत नाही. एन्झाइम साखरेला चेहऱ्यावरून ओळखतं, जाळी ओळखते ती चालीवरून!

मग बोटाच्या थेंबासाठी आपण अजून एन्झाइमचीच पट्टी का वापरतो? निकेल आणि तांब्याला हे काम नीट करायला अल्कधर्मी द्रावण लागतं, रक्त तितकं अल्कधर्मी नसतं. प्लॅटिनमला रक्त चालतं, पण रक्तात मीठ असतं. मिठातले क्लोराइड आयन प्लॅटिनमवरच्या जागा अडवून बसतात. साखर ओळखायला शिकलेल्या धातूची गाठ आता मिठाशी आहे.