मताचे मोल आणि यादीतले नाव

निवडणूक आली की चहाच्या टपरीवर आणि लोकलच्या डब्यात एकच सूर ऐकू येतो : कोणालाही निवडून द्या, सगळे सारखेच! आम्हीही सामान्य नागरिक आहोत, हा वैताग आम्हांला परका नाही. २०२२ साली शिवसेना आणि २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, तेव्हा ज्या चिन्हापुढे शिक्का मारला ते चिन्हच आता कोणाचे, असा प्रश्न मतदाराला पडला. १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. त्याचा धाक किती उरला हे वाचकांनीच ठरवावे. तरीसुद्धा मत वाया जाते, हे म्हणणे आम्हांस मान्य नाही.

२७ जानेवारी १९१९ रोजी मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साऊथबरो समितीपुढे साक्ष दिली. त्या काळी मताचा हक्क मालमत्ता व करभरणा पाहून मिळत असे. ज्याला जमीन नाही त्याला मत नाही, आणि ज्याला मत नाही त्याचे गाऱ्हाणे ऐकण्यास कोणी बांधील नाही! अस्पृश्यांसाठी ही अट सैल करावी, अशी बाबासाहेबांची मागणी होती. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी मताधिकार मागितला. तो मिळाला १९५० साली, घटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदाने. पुढे १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत खुद्द बाबासाहेबांचा पराभव झाला. १९५४ साली ते भंडाऱ्यातून पुन्हा उभे राहिले. तिथेही हरले.

आता आपल्या पनवेलकडे वळू. १८५२ सालची आपली नगरपालिका राज्यातील जुन्या नगरपालिकांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल व आसपासची गावे तीत आली. २०१७ ला पहिली निवडणूक झाली, २०२२ ला मुदत संपली, आणि पुढची निवडणूक उजाडली थेट जानेवारी २०२६ मध्ये. तीही सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बजावल्यानंतर. मधली साडेतीन वर्षे प्रशासकाचा कारभार होता. याच काळात सिडको वसाहतींतले रहिवासी मालमत्ता कराविरुद्ध तक्रार करीत होते, पण सभागृहात त्यांच्या बाजूने उभा राहील असा नगरसेवकच नव्हता. मत नसणे म्हणजे काय, हे पनवेलकरांनी असे अनुभवले.

महापालिकेचे मतदान विधानसभेपेक्षा वेगळे असते, आणि तिथे पुष्कळांचा गोंधळ होतो. बहुतेक प्रभागांत चार जागा असतात : अ, ब, क, ड. म्हणजे एका मतदाराने चार मते द्यायची. एकच ओळखीचे नाव शोधून, एक बटण दाबून बाहेर पडण्याची घाई करू नये. एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर नोटाचे बटण आहे. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वांत जास्त मते पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. विधानसभेला तसे नाही. अर्थात जागाच बिनविरोध झाली तर नोटाही नाही. पनवेलमध्ये या वेळी काही जागांवर तसे घडले, आणि ते आम्हांला खटकले.

परंतु आमच्या मते सर्वांत मोठी गळती यादीतच होते. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे भाड्याने राहतात; आज कामोठे, दोन वर्षांनी कळंबोली. नाव मात्र जुन्या पत्त्यावरच राहते. महापालिकेसाठी वेगळी यादी होत नाही; विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडली जाते. जानेवारी २०२६ साठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर नाव नोंदवणाऱ्यांना त्या वेळी मत देता आले नाही.

म्हणून निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये. घर बदलले असेल तर नमुना ८ भरावा. विद्यार्थ्यांनी अठरा वर्षे पूर्ण होताच नमुना ६ भरावा. त्यासाठी आता वर्षात चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर. आजी-आजोबांचे नाव आहे का, तेही त्याच दिवशी पाहून घ्यावे.